आधी पोराची उंची, मग सहल

शनिवार उजाडला, की पुण्याच्या मोटारी चांदणी चौक ओलांडून आमच्या मुळशीकडे धावू लागतात. पिरंगुटच्या घाटात रांग, पौडला चहाच्या टपरीवर रांग, ताम्हिणीत धबधब्यापाशी रांग. धरणाचं पाणी, डोंगर आणि धुकं पाहायला लोक लांबून येतात. आणि ज्यांच्या दारातच हे सगळं आहे, त्या घरांतली पोरं काय मागतात? ती म्हणतात, आम्हाला इमॅजिकाला न्या.

यात पोरांचं काही चुकत नाही. डोंगर त्यांनी जन्मापासून पाहिला आहे. उलटीसुलटी धावणारी गाडी पाहिलेली नाही. शाळेत एखादी मैत्रीण जाऊन आलेली असते, तिच्या आईच्या मोबाइलवर फोटो असतात. मग घरोघरी तोच धोशा सुरू होतो. माझी मुलगी पिरंगुटला राहते, जावई तिथल्याच एका कारखान्यात आहेत. थोरली नात सहा वर्षांची, धाकटा नातू साडेतीनचा. ‘नाना, कधी जायचं?’ हा जप दोघांनी तीन महिने चालवला होता. मी कवी माणूस. घरात हिशेबाचं काम सहसा कुणी माझ्याकडे देत नाही. पण या सहलीचा हिशेब मी स्वतः वहीत मांडला, कारण एका दिवसाच्या मजेसाठी किती दिवसांची कमाई जाते, हे मला एकदा नीट पाहायचं होतं.

आधी एक फरक समजून घेऊ. आपल्याकडे चैत्रात गावोगावी जत्रा भरतात. आकाशपाळणा असतो, टोराटोरा असतो, ब्रेकडान्स असतो, हवेनं फुगवलेली घसरगुंडी असते, जिला सगळे ‘मिकी माऊस’च म्हणतात. जत्रेत शिरायला पैसे पडत नाहीत. ज्या पाळण्यात बसाल त्याचे पैसे द्यायचे. खिशात जेवढे असतील तेवढे खेळ, आणि लहान मुलाला एका पाळण्यात दोनदा बसवून आणलं तरी त्याची जत्रा होते. मोठ्या उद्यानाचा व्यवहार याच्या नेमका उलटा. तिथे दारातच एकरकमी तिकीट घ्यायचं आणि आत गेल्यावर बहुतेक खेळ त्यातच. तुम्ही वीस खेळ खेळा, नाहीतर तीन, पैसे तेवढेच.

ही पद्धत पहिल्यापासूनची नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १७ जुलै १९५५ रोजी वॉल्ट डिस्नेचं डिस्नेलँड उघडलं. त्याच वर्षी तिथे तिकिटांची पुस्तकं आली. साध्या खेळाला एका अक्षराचं तिकीट, भारी खेळाला दुसऱ्या अक्षराचं. जवळपास सत्तावीस वर्षं असं चाललं, आणि १९८२ साली ती पुस्तकं बंद होऊन दिवसभराचं एकच तिकीट आलं. धंद्याच्या दृष्टीनं ते सोयीचं होतं, आणि धडधाकट तरुणांच्या टोळक्यालाही फायद्याचं. सकाळी आत जायचं, सगळ्या गाड्यांत दोन-दोनदा बसायचं, तिकीट वसूल! पण साडेतीन वर्षांचं पोर कडेवर घेतलेल्या कुटुंबाला हे तिकीट कसं परवडतं, हा प्रश्न वेगळा आहे. माझं आजचं बोलणं त्या कुटुंबापुरतं.

इमॅजिका आपल्या बाजूनं सर्वांत जवळचं मोठं उद्यान. खोपोलीहून पालीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एप्रिल २०१३ मध्ये ते सुरू झालं. ॲडलॅब्जच्या मनमोहन शेट्टी यांनी ते उभारलं आणि २०२२ साली ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेलं. शिर्डीचं आणि लोणावळ्याचं पाण्याचं उद्यान चालवणारा हाच समूह. त्याआधी आपल्या लोकांना एकच नाव ठाऊक होतं, मुंबईच्या गोराईचं एस्सेलवर्ल्ड. ते १९८९ साली सुरू झालं. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांच्या सहली खाडीतून बोटीनं तिथे गेल्या. माझ्या वयाच्या आसपासचे शिक्षक अजून त्या बोटीची आठवण काढतात. २०२२ मध्ये ते बंद झालं.

आता मुद्द्याची गोष्ट. अशा उद्यानांत मुलाचं तिकीट आणि मुलाला मिळणारे खेळ, दोन्ही ठरतात ते उंचीवर. वयाचा दाखला तिथे कामाचा नाही. दारात आणि प्रत्येक खेळाच्या तोंडाशी एक रंगवलेली पट्टी उभी असते. पोराला पट्टीशी उभं करायचं. डोकं रेषेच्या वर गेलं तर आत, नाही तर परत.

काही वर्षांपूर्वी एका उद्यानात मी एक प्रसंग पाहिला. आमच्या पुढे एक कुटुंब होतं. नवरा-बायको आणि सहा-सात वर्षांचा मुलगा. बोलता बोलता कळलं, गृहस्थांनी बिनपगारी रजा घेतली होती. मुलानं नवे बूट घातले होते आणि त्या एका गाडीसाठी तो सकाळपासून नाचत होता. पाऊण तास रांगेत गेला. पट्टीपाशी आल्यावर तो बोटभर कमी भरला. वडिलांनी विनवलं, आईनं विनवलं. खेळावरचा मुलगा बिचारा अठरा-वीस वर्षांचा, तो तरी काय करणार? ‘काका, नियम आहे’, एवढंच तो म्हणत राहिला. शेवटी आई पोराला घेऊन बाजूच्या कट्ट्यावर बसली. पोर रडलं नाही, हेच मला जास्त लागलं. ते बुटांकडे पाहत बसलं होतं.

त्या खेळावरच्या मुलाचं बरोबरच होतं. उंचीचा नियम कुणाची मजा हिरावण्यासाठी केलेला नाही. गाडी जोरात वळते, खाली येते, थांबते, तेव्हा शरीराला जागेवर धरून ठेवतो तो मांडीवरचा किंवा खांद्यावरचा दांडा. हा दांडा ठरावीक मापाच्या अंगासाठी बनवलेला असतो. मूल त्याहून छोटं असेल, तर ते दांड्याखालून घसरू शकतं. शेजारी आईनं कितीही घट्ट धरलं तरी उपयोग नाही, कारण त्या झटक्याला माणसाचा हात पुरा पडत नाही. दुसरी गोष्ट मानेची. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळपास चौथा हिस्सा असतं, मोठ्या माणसाचं आठवा. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड आणि मान नाजूक. म्हणून पोराच्या बुटात कागद कोंबून किंवा केस उभे विंचरून पट्टी पार करवणारे आईबाप भेटतात, तेव्हा त्यांना हात जोडावेसे वाटतात.

तर घरी दाराच्या चौकटीपाशी पोराला अनवाणी उभं करा आणि पेन्सिलनं खूण करा. अनेक ठिकाणी ३ फूट ३ इंच, म्हणजे साधारण ९९ सेंटिमीटरच्या खालच्या मुलाला तिकीट पडत नाही. तिथपासून सुमारे साडेचार फुटांपर्यंत लहानांचं तिकीट. त्याच्या वर मोठ्यांचं. ही रेषा ठिकाणागणिक मागेपुढे होते, आणि दरही मोसमागणिक बदलतात, तेव्हा निघण्याआधी फोन करून किंवा त्यांच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावं. आता या रेषा मुलाच्या वयाशी ताडून पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्याप्रमाणे मूल साडेतीन वर्षांच्या सुमारास ९९ सेंटिमीटर होतं, पाचव्या वर्षी ११० च्या आसपास, सातव्या वर्षी १२० ओलांडतं आणि साडेचार फुटांवर, म्हणजे १३७ सेंटिमीटरवर, दहाव्या वर्षी पोचतं. आपल्याकडची बरीच मुलं याहून थोडी कमीच भरतात.

हे आकडे एकाखाली एक लिहिले आणि मला जे दिसलं ते सांगतो. ९९ च्या आत मूल फुकट आत जातं, पण त्याला झुलणारे-फिरणारे मोजकेच खेळ. १२० च्या पुढे त्याला पैसे पडतात, पण बरेच खेळ उघडतात. सर्वांत तोट्याचा काळ मधला. चार ते सहा वर्षांच्या मुलाचं तिकीट लागतं आणि भारी खेळांची दारं मात्र त्याला बंदच असतात. आणि गंमत पाहा, आईबापांना सहलीची हौस नेमकी याच वर्षांत येते! मूल बोलायला लागलेलं असतं, फोटोत छान दिसतं, हट्टही करतं.

आता वहीतला हिशेब. हे आकडे समजून चालायचे आहेत, कुठल्या उद्यानाचे दर म्हणून धरू नका. समजा मोठ्यांचं तिकीट १,२०० रुपये आणि लहानांचं १,०००. आईबाप दोघं, सहा वर्षांची मुलगी आणि ९९ च्या आतला मुलगा. मुलगा फुकट, तेव्हा तिकिटं झाली ३,४०० रुपयांची. जाहिरातीतली रक्कम करासह आहे की करावेगळी, हे इथे विचारायचं. या तिकिटांवर वस्तू व सेवा कर २०१७ साली २८ टक्के होता, जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आला. म्हणजे ६१२ रुपये आणखी. झाले ४,०१२. आत खाणं माणशी तीनशे धरलं तर बाराशे. जाण्यायेण्याचे दीड हजार. बेरीज ६,७१२. रोजंदारीवर सहा-सातशे कमावणाऱ्या माणसाची ही दहा दिवसांची मिळकत.

आता यात काय विकत घेतलं ते पाहा. छोटा ज्या गाडीत बसू शकत नाही, त्या गाडीच्या वेळी एका मोठ्यानं त्याला घेऊन बाहेर थांबायचं. मोठी मुलगीही बसू शकत नसेल, तर दोघंही बाहेर. म्हणजे मोठ्यांची २,४०० रुपयांची दोन तिकिटं अर्धा दिवस कट्ट्यावर बसण्यासाठी काढलेली असतात. आणि तोच छोटा ९९ च्या जागी शंभर सेंटिमीटर भरला, तर करासह ११८० रुपयांची भर. एका सेंटिमीटरचे एवढे पैसे! सोनारही एवढ्या बारीक मापानं मोजत नसेल.

यावर एक उपाय बहुतेक उद्यानांत असतो आणि फारच थोडे लोक तो विचारतात. आईबापांपैकी एकानं रांग लावून खेळून यायचं आणि मग दुसऱ्यानं पुन्हा रांग न लावता जायचं, अशी मुभा लहान मूल बरोबर असेल तर अनेक ठिकाणी देतात. दारात शिरतानाच विचारावं. लाजू नये.

हा हिशेब मी घरी वाचून दाखवला आणि सुचवलं, दोन वर्षं थांबू. नात आठ वर्षांची होईल, सव्वाशेच्या पुढे जाईल. छोट्यालाही तोवर कळायला लागेल. मोठी झाल्यावर आपल्याला आठवणाऱ्या गोष्टी साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षापासूनच्या असतात, त्याच्या आधीचं जवळपास सारं पुसलं जातं. तेव्हा त्याच्यासाठी आत्ताची सहल फोटोतच राहील. बोलणं बिनतोड होतं असं मला वाटत होतं. मुलगी म्हणाली, ‘अब्बा, हिशेब बरोबर आहे. पण वर्गातल्या निम्म्या मुली जाऊन आल्यात. दोन वर्षांनी तिला याची एवढी असोशी राहणार आहे का?’ याला वहीत उत्तर नव्हतं.

मग तोड निघाली ती अशी. सगळ्यांनी जायचंच कशाला? नातीला घेऊन मुलगी आणि मी जायचं. छोट्याला त्याच दिवशी त्याचे वडील आणि नानी कात्रजला नेणार. फुकट जाणारं पोर घरी ठेवून काय वाचलं, असं तुम्ही विचाराल. वाचला तो एका माणसाचा दिवस! बरोबर गेलेल्या दोघांना दोन्ही तिकिटं पुरती वापरता आली. कारण पोरीबरोबर गाडीत एक जण बसला, की दुसऱ्याला बाहेर अडकून राहावं लागत नव्हतं.

आणि कात्रजला दुय्यम समजू नका. राजीव गांधी प्राणिसंग्रहालय १९९९ साली पेशवे पार्कातून तिकडे गेलं. सर्पोद्यान तर १९८६ पासून तिथे आहे. बुधवारी बंद असतं, एवढं ध्यानात ठेवायचं. साडेतीन वर्षांच्या पोराला साप पाहून जे वाटतं, ते कुठल्याही यंत्रातल्या राक्षसाला पाहून वाटत नाही. आणि तिथे त्याला कुणी पट्टीशी उभं करत नाही. पेशवे पार्कातली फुलराणी ही आगगाडी १९५६ साली सुरू झाली. तिच्यात बसलेली मुलं पुढे आपल्या मुलांना, मग नातवंडांना घेऊन आली. तिचं आकर्षण तरी काय? ती हळू चालते आणि शिटी वाजवते. चार वर्षांच्या मुलाला एवढं पुष्कळ असतं.

निगडीला दुर्गा टेकडीजवळ अप्पूघर आहे. नाव दिल्लीच्या अप्पूघरासारखंच. ते १९८४ साली सुरू झालं आणि २००८ मध्ये बंद पडलं. निगडीला जायचं तर आमच्या बाजूच्या लोकांना आता एक जादा गंमत आहे. पौडहून बसनं वनाजला यायचं आणि मेट्रोत बसायचं. ऑगस्ट २०२३ पासून जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलून थेट पिंपरीला उतरता येतं, तिथून पुढे बस. पोरांना मेट्रो हीच निम्मी सहल. नदीवरून गाडी जाताना त्यांचे चेहरे पाहा. त्या तिकिटात एवढा खेळ दुसरीकडे मिळत नाही.

मोठ्या उद्यानाला जायचं पक्कं झालं, की पैसा सर्वांत जास्त वाचतो तो तारखेनं. मे महिन्याची सुटी, दिवाळीची सुटी, वर्षअखेर आणि प्रत्येक शनिवार-रविवार टाळा. आमच्या समाजात बासी ईदला, म्हणजे ईदच्या दुसऱ्या दिवशी, सहकुटुंब बाहेर पडायची रीत आहे. पोरांच्या हातात ईदी असते आणि अंगावर नवे कपडे. पण सगळ्यांनीच तो दिवस धरल्यामुळे खडकवासल्यापासून सिंहगडापर्यंत पाय ठेवायला जागा नसते. मोठ्या उद्यानासाठी तो दिवस नकोच. जानेवारी-फेब्रुवारीतला मंगळवार किंवा बुधवार उत्तम. हवा बरी असते आणि सुटीच्या दिवसापेक्षा तिकीटही बऱ्याचदा कमी असतं. शाळेचा एक दिवस बुडतो. शिक्षकांना आधी सांगितलं तर पहिलीतल्या मुलीचं त्यानं काही बिघडत नाही, असं माझं मत आहे. पावसाळ्यात स्वस्त मिळतं, पण खोपोलीचा पाऊस आपल्या ताम्हिणीचा सख्खा भाऊ. विजा चमकल्या, की उघड्यावरचे खेळ थांबवावे लागतात आणि तिकीट तर तुम्ही काढलेलं असतं.

गर्दीचा संबंध पैशाशी कसा, तेही सांगतो. समजा एका गाडीत चोवीस माणसं बसतात आणि दर तीन मिनिटांनी फेरी सुटते. तासाला झाली ४८० माणसं. तुमच्यापुढे २४० जण असतील तर अर्धा तास. म्हणजे रांगेतली डोकी अंदाजानं मोजा, एक फेरी किती मिनिटांनी सुटते ते घड्याळात पाहा, आणि थांबायचं की नाही ते तिथेच ठरवा. सुटीच्या दिवशी हीच रांग सव्वा तासाची होते, आणि दिवसभरात चार-पाच खेळांवर समाधान मानावं लागतं. कोऱ्या मंगळवारी तेच तिकीट दहा-बारा खेळ देतं. रांग चुकवायचं वेगळं, महाग तिकीट काही ठिकाणी विकतात. आडवारी जाणाऱ्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

प्रवासाचं पाहू. आमच्याकडून एक वाट पौड, कोळवण, तिकोना पेठ, पवनानगर अशी मावळातून निघते आणि लोणावळ्याहून बोरघाट उतरून खोपोलीला जाते. स्वतःचं वाहन नसेल तर दोन-तीन घरांनी मिळून एक गाडी ठरवणं सोयीचं. पण एस.टी.चा हिशेब एकदा करून पाहाच. मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं, पाचच्या आतल्यांना माफ. म्हणजे आई अर्धी, मुलगी अर्धी, छोटा फुकट आणि वडील पूर्ण. चौघांचं कुटुंब दोन तिकिटांत जातं. पंचाहत्तरी ओलांडलेली आजी बरोबर असेल तर २०२२ पासून तिलाही तिकीट नाही. पुण्याहून लोणावळ्यापर्यंत लोकल आहेच. तिथून खोपोली, आणि खोपोलीहून रिक्षा किंवा पालीकडची गाडी. घाटात मुलांना मळमळतं, म्हणून पिशवीत आवळासुपारी आणि एक रिकामी थैली ठेवावी. भरपेट दूध पाजून घाटात नेऊ नये.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. तान्ह्याचं दूध-खिमटी वगळून. हा नियम मला आवडत नाही. ज्या घराला माणशी तीनशे रुपये जड आहेत, त्याच्या हातातला धपाट्यांचा डबा दारात ठेवून घ्यायचा, यात मला आडमुठेपणा दिसतो. पण नियम आहे, तेव्हा वाट अशी काढायची की सकाळी गाडीतच पोटभर न्याहारी, परतताना डबा, आणि आत दुपारी एकदाच खाणं. तेही बारा वाजता किंवा अडीचला. दीड वाजता सगळं उद्यान जेवायला बसलेलं असतं. ती वेळ खेळांना द्यावी. पाण्याचे नळ कुठे आहेत ते शिरतानाच विचारून ठेवावं आणि रिकामी बाटली जवळ असू द्यावी.

पाण्याच्या उद्यानाला जाणार असाल तर कपड्यांवर पैसे जातात. सुती कपडे पाण्यात चालत नाहीत. सुतं सुटून गाळणीत अडकतात आणि भिजलेलं सुती कापड जड होऊन घसरगुंडीवर अडतं. नायलॉनचा पोशाख तिथे भाड्यानं मिळतो, पण चौघांचं भाडं आणि वर अनामत रक्कम भरण्यापेक्षा पुण्यात तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत घेतलेला पोशाख तीन-चार वर्षं चालतो. अंगभर, लांब बाह्यांचा पोशाखही मिळतो. आमच्या घरच्या बायका तोच घालतात. आणि सांगायची गोष्ट म्हणजे, तो पाहून शेजारच्या दोन मावशींनी लुगड्यात काठावर बसून राहायचं सोडून तसाच पोशाख शिवून घेतला आणि पुढच्या खेपेला पाण्यात उतरल्या.

एक तयारी मात्र बिनपैशाची आहे. अशा उद्यानातला प्रत्येक खेळ एखाद्या गोष्टीवर बेतलेला असतो. जत्रेच्या पाळण्यापेक्षा त्याचं वेगळेपण तेवढंच. इमॅजिकात पहिल्यापासून अलिबाबा आणि चाळीस चोरांचा एक खेळ आहे. जाण्याआधी आठवडाभर मी नातीला रोज रात्री अलिबाबा सांगितला. गुहा, तिळा तिळा दार उघड, तेलाचे बुधले, मर्जिना, सगळं. हा अलिबाबा मुळात अलिफ लैलाच्या जुन्या अरबी पोथ्यांत सापडत नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी एका सीरियन माणसानं पॅरिसमध्ये सांगितलेली ही गोष्ट गालाँ नावाच्या फ्रेंच भाषांतरकारानं आपल्या पुस्तकात घातली. असो. गोष्ट माहीत असलेलं पोर आत शिरताना नुसतं दिव्यांकडे पाहत बसत नाही. नात गुहेत शिरता शिरता मला दटावत होती, ‘नाना, बोलू नका, चोर ऐकतील.’ तिला जे भय वाटत होतं, ते तिनं घरून तयार करून आणलं होतं. अंधाराचे, भुताखेतांचे खेळ मात्र सहा-सात वर्षांपर्यंत नकोतच; तिथल्या आवाजांनी पोर घाबरलं, तर पुढच्या साध्या खेळातही बसत नाही.

पैसे साठवायचे कसे? आमच्या आळीतल्या बायकांची भिशी आहे. त्यातल्या चौघींनी मिळून पोरांच्या सहलीसाठी वेगळा डबा केला आहे. ईदी, भाऊबीज, पाहुण्यांनी जाताना मुलांच्या हातावर ठेवलेले पैसे, सगळं त्यात जातं. मुलांना कळतं की हा डबा आपला आहे. कुणी कुरकुऱ्यांचे दहा रुपये मागायला आलं, की दुसरं पोर डब्याकडे बोट दाखवतं. हप्त्यानं किंवा उसने घेऊन सहलीला जाऊ नये, यावर आमच्या घरात सगळ्यांचं एकमत आहे.

दारातून शिरण्यापूर्वी पोराचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो काढून ठेवा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला आपला मोबाइल नंबर बॉलपेननं लिहा. हरवलं, तर शोधणाऱ्याला कपड्यांचा रंग सांगता येतो. घाबरलेल्या आईला तो नेमका आठवत नाही. निघायची वेळही सकाळीच ठरवावी. उद्यान बंद होईपर्यंत थांबलं, की वाहनतळातून बाहेर पडायला वेळ जातो आणि रात्री घाट चढायचा राहतो. आम्ही पाचलाच निघालो. लोणावळ्याच्या आतच नात झोपली. पिरंगुटला पोचलो तेव्हा छोटा दारात जागा होता आणि कात्रजच्या अजगराची लांबी दोन्ही हात पसरून दाखवत होता. दुसऱ्या दिवशी नातीची शाळा बुडाली, आणि मुलीनं स्वयंपाकाला सुटी घेतली. सकाळी जावयांनी कोपऱ्यावरून मिसळ आणली. तिचे पैसेही मी वहीत सहलीच्या खात्यावरच मांडले.